ज्वारीला बार्लीचे माप

धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान-शिक्षकांशी बोलायला गेलो होतो. वेळ अमावस्या नुकतीच होऊन गेली होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांतली गावेच्या गावे शेतात जाऊन जेवतात. कडब्याची कोप उभारायची, पूजा करायची आणि मग पंगत. त्या पंगतीत भज्जी आणि आंबील असायचीच. ज्वारीचे पीठ ताकात भिजवून आंबवलेली ही आंबील घरोघरी थोड्या वेगळ्या रीतीने करतात, पण आंबटपणा सगळीकडे हवाच.

बोलता बोलता एका शिक्षिकेने सांगितले, "सर, नववीतल्या एका मुलीने मला विचारले, आंबील आंबते आणि बिअरही आंबते, मग आंबील नैवेद्याची आणि बिअर वाईट, असे का? मी तिला खाली बसवले. दुसरे काय करणार होते?"

शिक्षिकेची अडचण मला कळते. ज्या गावात दारूने घरे बसलेली आहेत, तिथे वर्गात बिअरचे नाव काढणे अवघडच. पण त्या मुलीला खाली बसवताना आपण तिच्याबरोबर आणखी काय खाली बसवले, याचा विचार मनातून जाईना. तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना गेल्या दीडशे वर्षांतल्या जीवरसायनशास्त्राचा मोठा भाग हाती लागतो. शिवाय त्या विज्ञानाच्या मर्यादाही आपल्याच शेतातल्या ज्वारीपाशी येऊन उघड्या पडतात. म्हणून बिअरविषयक संशोधनाच्या परंपरेचे थोडे परीक्षण येथे करायचे आहे. यात पेयाची शिफारस नाही आणि त्याची निंदाही नाही. पाहायचे आहे ते एवढेच, की या संशोधनाने कोणते प्रश्न विचारले, ते किती चांगले सोडवले आणि कोणते प्रश्न विचारलेच नाहीत.

मोड आलेल्या दाण्याची युक्ती

आधी मूळ प्रक्रिया पाहू. धान्याच्या दाण्यात पिष्ट म्हणजे स्टार्च भरलेला असतो. तो कोंबासाठी साठवलेला शिधा असतो, पण कोंबाला तो जसाच्या तसा वापरता येत नाही. पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांची शर्करा करावी लागते. दाणा भिजून रुजू लागला की ही तोडफोड करणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, कामाला लागतात. त्यातली दोन महत्त्वाची. अल्फा-अमायलेज लांब साखळीला मध्येच कुठेही तोडते, तर बीटा-अमायलेज साखळीच्या टोकापासून दोन-दोन कड्या कापत जाते. या दोन कड्यांच्या तुकड्याला माल्टोज म्हणतात.

बार्ली भिजवून, मोड आणून, योग्य वेळी गरम हवेने वाळवली की तिचे माल्ट होते. वाळवताना उष्णता बेताची ठेवतात, कारण कोंब थांबला पाहिजे पण विकरे जिवंत राहिली पाहिजेत. हे माल्ट भरडून गरम पाण्यात मुरवले की पिष्टाची शर्करा होते. तो गोड अर्क हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, थंड करतात आणि मग त्यात यीस्ट घालतात. यीस्ट शर्करा खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर देता येईल. आंबिलीत पिठाला मोड आणलेले नसतात आणि काम मुख्यतः ताकातल्या जिवाणूंचे असते. ते शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, म्हणून आंबील आंबट होते. बिअरमध्ये काम यीस्टचे असते, म्हणून तिच्यात अल्कोहोल येते. दोन्ही किण्वनेच, पण कामकरी वेगळे आणि त्यांनी मागे टाकलेला पदार्थही वेगळा. पुढच्या दोनशे वर्षांच्या वादाला न शिवता एवढे तरी वर्गात सहज सांगता येते.

या परंपरेचे देणे

बिअरच्या संशोधनाकडे नाक मुरडण्याआधी तिचे आपल्यावर किती ऋण आहे ते पाहावे. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. बिअर बिघडते ती तिच्यात शिरलेल्या परक्या सूक्ष्मजीवांमुळे, हे त्याने दाखवले. सूक्ष्मजीव आणि रोग यांचा संबंध जोडण्याच्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा होता. त्याच सुमारास, १८७५ साली, डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीने स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. तिथे एमिल क्रिश्चन हान्सेन याने एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तयार केले आणि १८८३ साली ते प्रत्यक्ष कारखान्यात वापरले गेले.

त्याच प्रयोगशाळेत, त्याच १८८३ साली, योहान केल्डाल याने धान्यातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली. बार्लीतली प्रथिने किती हे ब्रुअरीला कळायला हवे होते. प्रथिने जास्त असली की बिअर गढूळ होते. आज धान्यातली, डाळींतली, दुधातली प्रथिने मोजण्यासाठी जगभर हीच पद्धत प्रमाण मानतात.

आणखी एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. माती परीक्षणाच्या अहवालात पहिला रकाना असतो सामूचा. धाराशिव जिल्ह्यातला कोणताही शेतकरी 'माझ्या रानाचा सामू आठाच्या वर आहे' असे सहज सांगतो. हा सामू, म्हणजे पीएच, मोजण्याची कल्पना सोरेन सोरेन्सन याने १९०९ साली याच कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. विकरे किती आम्लतेत चांगले काम करतात याचा तो अभ्यास करीत होता आणि त्यासाठी त्याला सोयीचे माप हवे होते.

डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८९९ पासून नोकरीला होता. बार्लीच्या वाणांच्या चाचण्यांत नमुने थोडे असत. थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचे दोन वाण तुलनेला घेतात आणि उत्पन्नातला फरक खरा की योगायोगाचा हे तपासतात, तेव्हा या स्टुडंटचेच गणित पायाशी असते.

या परंपरेत दोन गुण ठळक दिसतात. पहिला म्हणजे व्यवहारातल्या अडचणीकडे पाहण्याचा आदर. बिअर का बिघडली, या कारखानदाराच्या प्रश्नाला शास्त्रज्ञांनी कमी लेखले नाही आणि त्यातून मूलभूत विज्ञान निघाले. दुसरा गुण खुलेपणाचा. कार्ल्सबर्गचे संस्थापक याकोबसेन यांनी प्रयोगशाळेच्या घटनेतच घालून दिले होते की शास्त्रीय महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही. त्यामुळे शुद्ध यीस्टची पद्धत प्रतिस्पर्धी ब्रुअऱ्यांनाही मिळाली. जर्मनीत फ्रायझिंगजवळच्या वाइनश्टेफानला उपयोजित विज्ञानाचे विद्यापीठ १९७१ साली स्थापन झाले. तिथे आजही बिअर-निर्मिती हा रीतसर शिकण्याचा आणि संशोधनाचा विषय आहे. यंत्र, रसायन, जीवशास्त्र आणि शेती ही सगळी एका पदार्थाभोवती शिकवणारी अशी पद्धत आपल्याकडे दुधाभोवती काही प्रमाणात उभी राहिली, ज्वारीभोवती फारशी नाही.

माप चुकले ते इथे

आता दोषांकडे वळू. या परंपरेची सारी मापे बार्लीवर बसवलेली आहेत. माल्टची प्रत ठरवण्यासाठी त्याची पिष्ट तोडण्याची ताकद मोजतात. या मापाने ज्वारीचे माल्ट मोजले की ते नेहमी हलके ठरते. कारणे खरी आहेत. बार्लीच्या दाण्यात बीटा-अमायलेज मोड येण्याआधीच साठवलेले असते. ज्वारीच्या कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते, रुजताना तयार होते आणि तेही बेताचे.

दुसरी अडचण तापमानाची आहे. पिठले चुलीवर ठेवले की काही वेळ ते पातळच राहते आणि मग एकदम घट्ट होते. त्या वेळी पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. कण फुटल्याशिवाय विकरांना आत शिरता येत नाही. बार्लीच्या पिष्टाचे कण साधारण ५२ ते ६० अंश सेल्सियसला फुगतात. विकरे त्या तापमानाला चांगली टिकून असतात, म्हणून सगळे काम एकाच भांड्यात होते. ज्वारीच्या पिष्टाला मात्र साधारण ६८ ते ७८ अंश लागतात. बीटा-अमायलेज ६५ अंशांच्या पुढे झपाट्याने निकामी होते. म्हणजे दार उघडेपर्यंत कामगार मेलेला असतो.

आता हा ज्वारीचा दोष म्हणायचा की पद्धतीचा? बार्लीच्या भांड्यात आणि बार्लीच्या वेळापत्रकात ज्वारी घातली म्हणून ती नापास झाली. पद्धत बदलली की अडचण सुटते. आधी विकरांचा अर्क वेगळा काढून ठेवायचा, उरलेला चोथा तापवून त्यातले पिष्ट फुगू द्यायचे, तो थंड करायचा आणि मग अर्क परत मिसळायचा. आफ्रिकेतल्या कित्येक घरगुती पद्धतींत वरची निवळ बाजूला काढून तळाचा साका शिजवण्याची रीत होती, ती नेमकी हीच. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करीत होत्या, त्यांना अमायलेज हा शब्द माहीत नव्हता, पण क्रम माहीत होता.

दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर शासकीय संशोधन संस्थेत ज्वारीच्या माल्टचा पद्धतशीर अभ्यास झाला. तेथील संशोधकांनी ज्वारीच्या माल्टसाठी मोजमापाचे वेगळे एकक ठरवले. ज्वारीला ज्वारीचे माप मिळाले, ही त्या कामाची मोठी कमाई म्हणावी लागेल. ज्वारी रुजवायला २५ ते ३० अंशांचे तापमान मानवते, बार्लीला याहून बरीच थंड हवा लागते, हेही अशाच अभ्यासांतून पक्के झाले. उष्ण देशात दाणे रुजवण्यासाठी महागडी शीतयंत्रे लागणार नाहीत, असा त्याचा अर्थ.

नायजेरियाने १९८८ साली बार्ली आणि तिच्या माल्टची आयात बंद केली. परकीय चलन वाचवायचे होते. तेथील ब्रुअऱ्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावे लागले आणि त्या वळल्याही. सुरुवातीला बाहेरून आणलेली औद्योगिक विकरे घालून काम भागवले गेले. म्हणजे बार्लीची आयात थांबली, तरी तिची जागा काही अंशी विकरांच्या आयातीने घेतली. पण ज्वारीपासून बिअर होतच नाही, हे विधान मात्र त्यानंतर कोणाला करता आले नाही.

प्रश्न कोणाचा?

दक्षिण आफ्रिकेच्या कामाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डरबन शहरात १९०९ पासून नगरपालिकेने आफ्रिकी लोकांसाठी ज्वारीची बिअर गाळण्याचा आणि विकण्याचा मक्ता स्वतःकडे घेतला. घरी बिअर करणाऱ्या बायकांवर बंदी आली, आणि विक्रीतून येणाऱ्या पैशातून आफ्रिकी लोकांवर नियंत्रण ठेवणारा कारभार चालू लागला. ही पद्धत पुढे इतर शहरांतही पसरली. पुढच्या काळातले संशोधन मुख्यतः अशा मोठ्या कारखान्यांच्या गरजांभोवती फिरले. त्यातली मोजमापे खोटी ठरत नाहीत. पण माप कोणाच्या हातात होते, हे विसरून विज्ञानाचा इतिहास शिकवू नये.

त्या ज्वारीच्या बिअरचा पहिला टप्पा मला फार बोलका वाटतो. माल्टचे पाणी सुमारे ५० अंशांवर ठेवून आधी लॅक्टिक जिवाणूंकडून आंबट केले जाते. सामू साडेतीनच्या आसपास येतो, आणि इतक्या आंबट पाण्यात रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. यीस्टचे काम त्यानंतर सुरू होते. हा पहिला टप्पा आणि आपली आंबील यांचे नाते सख्खे आहे. आंबटपणामुळे पदार्थ सुरक्षित होतो, हे शेतात मडके घेऊन जाणाऱ्या आपल्या आजीलाही अनुभवाने माहीत होते. मात्र त्या संशोधनात हा टप्पा बिअरची पूर्वतयारी म्हणून येतो, अन्न म्हणून येत नाही.

म्हैसूर आणि बडोदा

हाच धागा भारतात वेगळ्या दिशेने गेला, आणि माझ्या मते या कथेतला तो सर्वांत चांगला भाग आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देशिकाचार यांनी उष्ण प्रदेशातल्या धान्यांच्या माल्टचा तुलनात्मक अभ्यास केला. त्यांचा १९८६ चा निबंध ब्रुइंग संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकात छापला गेला, म्हणजे बिअरवाल्यांच्याच व्यासपीठावर. भरड धान्यांत नाचणीचे माल्ट विकरांच्या दृष्टीने फार सरस, हे या कामातून पुढे आले. पण या संस्थेतल्या माल्टच्या कामाचा मोठा भाग बाळांच्या आहारासाठी होता.

बाळाच्या आहाराशी माल्टचा संबंध काय? सहा महिन्यांच्या बाळाला पेज द्यायची म्हटली की पीठ शिजवावे लागते. पिष्ट फुगते, पेज घट्ट होते, बाळाला गिळवत नाही. म्हणून आई पाणी घालून ती पातळ करते. पेज गिळता येते, पण वाटीतले अन्न निम्म्यावर येते. बाळाचे पोट लहान, ते पाण्यानेच भरते. कुपोषणाचे हे एक साधे, भौतिक कारण आहे. शिजलेल्या गरम पेजेत मोड आणलेल्या धान्याचे चिमूटभर पीठ घातले की अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते आणि काही मिनिटांत पेज पातळ होते, पाण्याचा थेंबही न वाढवता. अन्न तेवढेच आणि गिळायला मात्र सोपे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या कल्पनेवर चिकाटीने काम केले.

ब्रुअरीच्या हौदात जे विकर काम करते तेच येथे बाळाच्या वाटीत काम करते. विज्ञान तेच, फक्त प्रश्न विचारणारा बदलला. बिअर-संशोधनावरची माझी मुख्य टीका हीच आहे. त्या संशोधनात चूक फारशी सापडत नाही, पण त्याची नजर पेल्यापुरती मर्यादित राहिली. शंभर वर्षे माल्टचा इतका बारकाईने अभ्यास झाला, तरी ते बाळाच्या वाटीपर्यंत पोचायला कोणीतरी वेगळा प्रश्न विचारावा लागला.

काळी ज्वारी आणि अर्धवट विज्ञान

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. महाराष्ट्र शासनाने २००७ साली धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देण्याचे धोरण आणले. पुढे त्यावरून मोठा वाद झाला. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. धोरणाच्या समर्थनार्थ एक मुद्दा वारंवार मांडला गेला, की पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कोणी घेत नाही, तिला या कारखान्यांत भाव मिळेल.

नैतिक बाजू क्षणभर बाजूला ठेवून यातले विज्ञान तपासू. ज्वारी काळी का पडते? खरिपातली ज्वारी पावसात पक्व झाली की कणसावर बुरशी चढते. जुने उंच वाण पाऊस सरल्यावर पिकत. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि त्यानंतर लवकर येणारे, भरघोस उत्पन्न देणारे वाण पसरले. त्यांची कणसे नेमकी पावसात सापडू लागली. उत्पन्न वाढले, दाणा काळा झाला. रब्बीच्या मालदांडीला हा त्रास नाही, कारण ती कोरड्या हवेत पिकते. म्हणजे एका संशोधनाने उत्पन्नाचा प्रश्न सोडवला, काढणीच्या वेळच्या पावसाचा प्रश्न मागे ठेवला, आणि तो मागे राहिलेला प्रश्न दुसऱ्या उद्योगाचा कच्चा माल झाला.

दुसरा मुद्दा. बुरशीने ग्रासलेला दाणा नीट रुजत नाही, म्हणून त्याचे माल्ट होत नाही. बिअरसाठी ही ज्वारी निरुपयोगी. धान्य-मद्यार्काच्या कारखान्यात मात्र दाणा जिवंत असण्याची गरज नसते, कारण तिथे पिष्ट शिजवून विकत आणलेल्या विकरांनी तोडतात. त्यामुळे काळी ज्वारी तिथे चालते. पण बुरशीचे विष? १९९५ साली अवकाळी पावसानंतर दख्खनच्या पठारावर, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातल्या काही गावांत, बुरशी आलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि हगवण झाली. तपासात त्या धान्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीजन्य विष सापडले. हे विष यीस्टच्या किण्वनाने नाहीसे होत नाही. ऊर्ध्वपातनात ते वाफेबरोबर वर न येता मागे चोथ्यात राहते. पिष्ट निघून गेल्यामुळे चोथ्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. आणि तो चोथा जनावरांच्या खाद्यात जातो. शेतकऱ्याची काळी ज्वारी विकली गेली, तरी तिच्यातले विष पेंडेच्या रूपाने त्याच्याच गोठ्यात परत येऊ शकते. म्हणून चोथ्याची तपासणी झाल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्यापासून इथेनॉल करण्यास परवानगी दिली. त्यामुळे हा प्रश्न आता दारूपुरता उरलेला नाही.

तिसरा मुद्दा पाण्याचा. एक लिटर बिअरसाठी कारखान्याच्या आत साधारण ३ ते ७ लिटर पाणी लागते. बार्लीच्या पिकाने प्यालेले पाणी यात धरलेले नाही. पाण्यातले क्षार बिअरच्या चवीवर काय परिणाम करतात, यावर या परंपरेत उत्तम काम झाले आहे. पाण्याचा वापर कमी करण्यावरही झाले आहे. पण कारखाना कोणत्या खोऱ्यात असावा, हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा मानला गेला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शेजारच्या लातूरला पोचली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. जो प्रश्न संशोधकांनी आणि नियोजकांनी विचारायचा, तो शेवटी न्यायालयाला विचारावा लागला.

वर्गात काय करता येईल

या साऱ्याचा शिक्षकांना उपयोग काय? मद्याचा थेंबही न आणता या विज्ञानाचा गाभा वर्गात दाखवता येतो.

नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दोन-तीन दिवस मोड येऊ द्या, उन्हात वाळवा, चोळून मुळ्या काढा आणि दळा. भाजू मात्र नका. भाजले की विकरे मरतात. घरी आपण नाचणीसत्त्व करताना बहुधा भाजतो, म्हणून ते सत्त्व चवीला छान लागते पण पेज पातळ करीत नाही. ही गोष्ट मुलांनाच शोधू द्यावी.

मग ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, ६० ते ६५ अंशांपर्यंत निवू द्या आणि तीन पेल्यांत सारखी वाटून घ्या. पहिल्यात मोड न आणलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ थोड्या पाण्यात कालवून घाला. दुसऱ्यात मोडाच्या नाचणीचे तेवढेच पीठ तेवढ्याच पाण्यात. तिसऱ्यात मोडाचे पीठच, पण आधी पाण्यात दहा मिनिटे उकळलेले. उकळताना आटलेले पाणी भरून काढायला विसरू नका. तिन्ही पेले गरम पाण्याच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवा. दुसऱ्या पेल्यातली पेज पळीवरून धारेने पडू लागेल. नंतर प्रत्येकातला थोडा नमुना पूर्ण थंड करून पाणी घालून विरळ करा आणि पातळ आयोडीनचा थेंब टाका. गरम नमुन्यात निळा रंग दिसत नाही, म्हणून थंड करणे महत्त्वाचे. पहिल्या व तिसऱ्या पेल्यात गडद निळा रंग येईल, दुसऱ्यात तो जांभळ्या-तांबूस छटेकडे झुकलेला दिसेल. पाणी तिघांत सारखेच का घातले, पहिला पेला कशासाठी, तिसरा कशासाठी, हे प्रश्न मुलांना विचारावेत. तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्याचे महत्त्व याहून सोप्या रीतीने शिकवता येणे कठीण आहे. आयोडीन घातलेले नमुने अर्थातच फेकून द्यायचे.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. हा प्रयोग मोड आलेल्या ज्वारीने करून ते पीठ कोणी खाऊ नये. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष सुटते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, कारण हेच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ज्वारीपासून वाढवलेल्या कोंबांत प्रौढ माणसाला घातक ठरेल एवढे सायनाइड आढळले. कोरड्या दाण्यात ते नसल्यासारखेच असते, म्हणून भाकरीला धोका नाही. ज्वारीचे माल्ट करणारे लोक ते वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून काढतात, ते याचसाठी. नाचणीच्या माल्टबाबत हा प्रश्न उद्भवत नाही. हिरवे कोंब पौष्टिक म्हणून सरसकट खाण्याची आवड वाढते आहे, तेव्हा हा फरक मुलांना माहीत असलाच पाहिजे.

शेवटी

त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा भाग अजून उरला आहे. आंबील नैवेद्याची आणि बिअर वाईट, असे का? याचे पूर्ण उत्तर रसायनशास्त्र देऊ शकत नाही आणि तसा आवही आणू नये. अल्कोहोल शरीरात गेल्यावर यकृताचे आणि मेंदूचे काय होते, हे विज्ञान सांगू शकते. गावातल्या घरांचे काय होते, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण वाईट परिणाम होणाऱ्या पदार्थामागचे विज्ञानही वाईट, अशी समजूत तिच्या मनात रुजू देणे योग्य नाही. त्या विज्ञानानेच शेतकऱ्याच्या हाती सामू दिला आणि त्यातूनच बाळाच्या पेजेची युक्ती निघाली.

बिअर-संशोधनाच्या परंपरेला मी हुशार पण एकमार्गी म्हणेन. तिने आपल्या पेल्यातले प्रश्न अतिशय नेटाने सोडवले. आपल्या ज्वारीला ती बार्लीच्या मापाने मोजत राहिली, यात तिचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले, भाषणे झाली. धाराशिवच्या खरिपात मात्र ज्वारीच्या जागी सोयाबीन उभे आहे. आंबिलीत कोणते जिवाणू असतात, ऋतूप्रमाणे ते कसे बदलतात, तिच्यामुळे ज्वारीतले लोह आणि प्रथिने किती अधिक पचतात, हे प्रश्न कार्ल्सबर्गने का विचारावेत? ते आपलेच आहेत. पुढच्या वेळ अमावस्येला मडक्यात पीठ भिजवल्यापासून दर दोन तासांनी सामूची पट्टी बुडवून वहीत आकडे लिहायला एखादी शाळा सहज लागू शकते. त्या नववीतल्या मुलीला उभे करून पहिला आकडा तिलाच लिहायला सांगावा.